स्टाफरूममध्ये एकटं कोण पडलं?



देगलूरमध्ये बसून पुण्याच्या एका शाळेची गोष्ट सांगायची, तर आधी लातूरचं नाव घेतो. लोकमान्य टिळकांनी लातूरला भागीदारीत कापसाचा जिनिंगचा कारखाना काढला होता. तेव्हा लातूर काय, देगलूर काय, सगळा निजामाचा मुलूख. पुण्यातला गणिताचा मास्तर इतक्या लांब कापसाच्या धंद्यात कसा आला? तर त्यानं मास्तरकी सोडली होती. ती का सोडली, हे आज बघायचं आहे.

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्या वर्षी एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर आले. टिळक आणि आगरकर कॉलेजातले जिवलग मित्र. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात दोघं मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. इथपर्यंत सगळं एकदिलानं चाललं होतं.

पुढची गोष्ट आपण शाळेत अशी ऐकतो: आगरकर सुधारक, टिळक सनातनी, आणि सुधारकाला जुन्या लोकांनी छळलं. यात खोटं काही नाही. आगरकर देव मानत नव्हते. मुलामुलींना एकच शिक्षण द्या, तेही एकत्र द्या, असं म्हणत होते. संमतीवयाच्या कायद्याला त्यांचा पाठिंबा होता, टिळकांचा विरोध. ही मतं ‘केसरी’तून मांडणं इतर सहकाऱ्यांना परवडेना, म्हणून १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. हा माणूस रोज वर्गात जाऊन शिकवत होता, हे लक्षात घ्या.

पण आता स्टाफरूमचं दार उघडून बघा. तिथं चित्र उलटं दिसतं.

संस्थेत आजीव सभासद ही पद्धत होती. ठरावीक वर्षं सेवा करायची आणि दरमहा ७५ रुपयांवर भागवायचं. टिळकांचं म्हणणं असं, की जेझुइट पाद्री जसे सगळं सोडून शाळेला वाहून घेतात, तसं आपण घेऊ. बाहेरची मिळकत नको, बाहेरचे व्याप नकोत. आगरकरांना दम्याचा आजार, घरची स्थिती बेताची. शाळेचं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात माणसानं काय करावं, हा त्याचा प्रश्न आहे, अशी त्यांची बाजू. तरुण गोपाळ कृष्ण गोखले आगरकरांच्या बाजूचे. ‘सुधारक’चा इंग्रजी भाग तेच लिहीत. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा टिळकांनी हरकत घेतली. यावर विरोधक काय म्हणणार? तुम्ही ‘केसरी’ चालवता, ते बाहेरचं काम नाही का? प्रश्न रास्त होता. मतं मोजली की टिळक अल्पमतात जायचे. १८९०च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे गावात एकटे पडले आगरकर, आणि स्टाफरूममध्ये एकटे पडले टिळक! गावानं ज्यांची प्रेतयात्रा काढली, ते १८९२ मध्ये, आपट्यांच्या निधनानंतर, त्याच गावातल्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

हे कसं जमलं? माझं उत्तर असं. ती संस्था शिक्षकांनीच चालवलेली होती. मालक नव्हता. शिक्षकाला ठेवायचं की नाही, हे गावातल्या वजनदार माणसानं ठरवायचं नव्हतं. सोबत शिकवणाऱ्यांनी ठरवायचं होतं. आगरकरांची सगळी मतं सहकाऱ्यांना पटली होती असं नाही. ‘केसरी’त ती नको होती, हे आपण आत्ताच पाहिलं. वर्गात मात्र तो माणूस हवा होता. हा फरक करता येणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि त्याची किंमतही मोजली गेली. नियमाला घट्ट धरणारा, स्वतः शाळा उभी करणारा शिक्षक त्याच पद्धतीतून बाहेर पडला. पोटासाठी कायद्याचे वर्ग, आणि आपल्या लातूरचा तो कारखाना.

आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले. वय अवघं ३८. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

इथं बरेच शिक्षक बसलेले दिसतात. आपल्या स्टाफरूममध्ये कुणीतरी एक वेगळा असतोच. त्याच्याविषयी बोलताना एवढंच तपासा, की आपलं भांडण त्याच्या शिकवण्याशी आहे, की गाव त्याला काय म्हणतं त्याच्याशी. पुण्याच्या त्या मंडळींना हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कळलं होतं, आणि तरी त्यांचं भांडण मिटलं नाही.