चाल कुणाची, शब्द कुणाचे

माझे अब्बा शिंपी होते. रविवार पेठेत त्यांचं लहानसं दुकान होतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात गिऱ्हाइकांशी कोल्हापुरी मराठी चालायची आणि शिलाई मशीनचं पायडल सुरू झालं की अब्बांच्या तोंडी ‘संगीत मानापमान’मधली पदं यायची. गाणं ते शिकलेले नव्हते. ‘मानापमान’ कुणी लिहिलं, त्याच्या चाली कुणी बांधल्या, हे त्यांना ठाऊक असेलच असंही नाही. पण ताल चुकला की पायडलही थांबायचं, एवढं मला आठवतं.

हे आज सांगायचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात सूत्रसंचालकानं माझी ओळख करून दिली. ‘हे मुस्लिम असूनही फार सुंदर मराठी कविता लिहितात,’ असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मनानं चांगला होता, त्याला माझं कौतुकच करायचं होतं. पण तो ‘असूनही’ पायात काटा मोडावा तसा मला घरापर्यंत टोचत राहिला. त्या दिवशी मी काही बोललो नाही. उत्तर सापडलं ते फार पुढं, एका जळलेल्या नाट्यगृहापुढं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सकाळी मी खासबागेकडं गेलो तेव्हा माणसं जमली होती. कुणी नाटकवाले होते, कुणी नुसते प्रेक्षक. काही जण उघडपणे रडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी उभं केलेलं हे नाट्यगृह 1915 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. शेजारी कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून रंगभूमी, ही महाराजांची आवड. त्या राखेपुढं उभा असताना मनात आलं, इथं नेमकं काय नांदत होतं? आणि ते इथं आलं कुठून?

त्यासाठी 1895 पर्यंत मागं जावं लागतं. त्या साली उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी गवई म्हणून कोल्हापुरात आले. ते मूळचे राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. कोल्हापूरला येण्याआधी एक मोठा घाव त्यांनी सोसला होता. आमलेटा इथं दिवसामागून दिवस गावं लागलं, त्या ताणानं त्यांचा आवाज गेला. परत आला तो जाड होऊन. दुसरा एखादा गवई तिथंच संपला असता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी घडवली. वळणावळणाच्या, लयीत गुंफलेल्या तानांची ती गायकी पुढं जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून ओळखली गेली. आपण जिला परंपरा म्हणून नमस्कार करतो ती सुरुवातीला एका अडलेल्या माणसाचा प्रयोग होती. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करत. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नसे.

याच गावच्या मातीत गोविंदराव टेंबे वाढले. त्यांचा जन्म 1881 चा, जवळच्या सांगवड्याचा. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांचं गाणं त्यांनी कानात साठवलं आणि हात बसवला हार्मोनियमवर. 1911 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला चाली देण्याचं काम त्यांच्याकडं आलं. तोवर संगीत नाटकाचा एक रस्ता मळलेला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून साकी, दिंडी, कीर्तनाच्या आणि कानडी वळणाच्या चाली प्रेक्षकांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. टेंबे त्या रस्त्यानं गेले नाहीत. पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी असा बनारस-लखनौकडचा माल त्यांनी मराठी रंगभूमीवर उतरवला. कोठीवर आणि मैफलीत गायल्या जाणाऱ्या त्या चाली घरंदाज मराठी नायिकेच्या तोंडी आल्या.

कवी म्हणून मला यातली खरी अवघड जागा कळते. ठुमरीची ब्रजभाषा मऊ, स्वरांवर रेंगाळणारी. आपली मराठी जोडाक्षरांची, ठाशीव. चाल आधी तयार, तिच्यात शब्द बसवायचे खाडिलकरांनी, तेही प्रसंग आणि पात्राचा स्वभाव न सोडता. ठुमरीत एकच ओळ वीस तऱ्हांनी आळवता येते, नाटकात मात्र कथा पुढं सरकायला हवी. तरीही ते जमलं आणि असं जमलं, की आज त्या चालीचं मूळ गाव कुणी विचारत नाही. मराठी कान तिला आपलीच समजतो. 1916 च्या ‘स्वयंवर’चं संगीत भास्करबुवांचं. तेही नथ्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा उस्तादांकडं शिकलेले. म्हणजे रुक्मिणीच्या गळ्यात जे सूर आले त्यांच्या मागं खाँसाहेबांची तालीम होती.

साथीला बसणाऱ्यांकडंही पाहा. टेंबे, बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांनी 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या मंडळीत मुरादाबादचे अहमदजान थिरकवाँ तबल्याला होते आणि कादरबक्ष सारंगीला. जोडीला ऑर्गन, म्हणजे साहेबाच्या देशातून आलेलं वाद्य. स्त्रीवेशातला ब्राह्मण नट रुक्मिणी होऊन गातो आहे, उत्तरेकडचे मुसलमान उस्ताद साथ करताहेत आणि विलायती पेटी सूर धरून आहे. यातलं एक जरी काढलं तर नाट्यसंगीत उरत नाही.

पेटीवरून आठवलं. आज मी ज्या रेडिओवरून बोलतो आहे त्याच रेडिओनं 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं होतं. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, ती परकी आहे, असा आक्षेप होता. शास्त्राच्या बाजूनं त्यात तथ्यही होतं. पण तोवर टेंब्यांसारख्यांनी तिला बोलकं केलं होतं आणि गावोगावच्या भजनी मंडळात ती जाऊन बसली होती. बंदी सैल व्हायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. दरम्यान पेटी कुठं गेली नाही, ती आपली वाजतच राहिली.

आता केशवरावांकडं येतो. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या मराठा मुलानं लहान वयात ‘शारदा’ गाजवली आणि 1908 मध्ये ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी उभी केली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन नट त्या रात्री एका रंगमंचावर आले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

पुढं टेंबे सिनेमाकडं वळले. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभातनं 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. रंगभूमीवर मुरलेला सूर असा पडद्यावर गेला.

‘मानापमान’ची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. धैर्यधर गरीब म्हणून श्रीमंत घरची भामिनी त्याला झिडकारते. पुढं वनमाला होऊन त्याच्या जवळ राहते, तेव्हा तिला खरा माणूस कळतो. भामिनी आधी धैर्यधराची ऐपत बघते आणि माणूस नंतर. माझ्या वाट्याला आलेला ‘असूनही’ त्याच घरचा आहे. माझं नाव ऐकून आधी आश्चर्य वाटतं, कविता नंतर ऐकू येते.

माझं उत्तर एवढंच आहे. ठुमरी पूरबेकडची असूनही मराठी झाली, असं आपण म्हणत नाही. आपण ती ऐकतो. पेटी विलायती असूनही अभंगाला चालते, असंही कुणी म्हणत नाही. माझ्या कवितेला मी तेवढंच मागतो. ती वाईट असेल तर खुशाल वाईट म्हणा. चांगली असेल तर ‘असूनही’ वगळा.

आणि एक मागणं गावाकडं आहे. भिंती जळल्या तरी पुन्हा बांधता येतात. तिथल्या दर्शनी भागात केशवरावांचं नाव आहे तसं साथीदारांचंही असावं. पडदा उघडण्याआधी जे अंधारात सूर लावून बसायचे त्यांची नावं एका साध्या फळीवर लिहून ठेवावीत. त्यात खाँसाहेब असतील, बुवा असतील, पेटीवाले असतील. फळीवर शेवटी थोडी जागा मोकळी ठेवली तर पायडल थांबवून ताल सांभाळणाऱ्या माझ्या अब्बांसारख्या ऐकणाऱ्यांसाठी ती आहे, असं मी मनात समजेन.