रुग्णानुरूप औषधमात्रा निश्चिती
औषध शरीरात कसे शोषले, पसरले व बाहेर टाकले जाते याचे गणिती प्रतिमान वापरून रुग्णागणिक मात्रा ठरविण्याची पद्धत. उपचारक व विषारी पातळ्यांत थोडेच अंतर असलेल्या व्हॅन्कोमायसिन, टॅक्रोलिमस, फेनिटॉइन यांसारख्या औषधांसाठी ती विशेष उपयोगी ठरते. लुइस शायनर व स्टुअर्ट बील यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत तिचा पाया घातला.

अनेक रुग्णांच्या मोजमापांवरून औषधाच्या निष्कासनाचा सरासरी दर आणि वजन, वय, मूत्रपिंडाचे कार्य यांमुळे त्यात पडणारा फरक काढतात. त्यावरून पहिली मात्रा ठरते. नंतर रक्तातील पातळी मोजून बेझच्या संभाव्यता सूत्राने अंदाज सुधारतात.

गंभीर संसर्गात व्हॅन्कोमायसिनच्या पातळीच्या आलेखाखालील २४ तासांचे क्षेत्रफळ सामान्यतः ४००–६०० मिग्रॅ.-तास प्रतिलिटर ठेवतात. लक्ष्य ५०० आणि निष्कासन दर ताशी ४ लिटर असल्यास दैनिक मात्रा त्यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे २,००० मिग्रॅ. येते, मूत्रपिंड मंदावून दर २ लिटरवर आल्यास १,००० मिग्रॅ. पुरते.

रक्तनमुन्याची वेळ चुकीची नोंदल्यास किंवा प्रतिमान वेगळ्या रुग्णगटावर बेतलेले असल्यास अंदाज फसतो. म्हणून अंतिम निर्णय चिकित्सकच घेतो.