हापूसचा लहान बागायतदार : आधार कोणते, अडसर कोठे?

रत्नागिरी : वाशीच्या फळबाजारात पहिली पेटी किती रुपयांना गेली, ही बातमी वाचली की मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या लेखी आंब्याचा हंगाम सुरू होतो. बागायतदाराचा हंगाम मात्र त्याआधी कितीतरी महिने, भर पावसाळ्यातच सुरू झालेला असतो. बागेची सफाई, खते, मोहोरावरील फवारण्या, वानर-माकडांपासून राखण, काढणी, पेट्या आणि गाडीभाडे असा खर्च एकामागून एक उभा राहतो आणि हाती पैसा येतो तो मार्चनंतर. मोठ्या बागायतदाराला हे अंतर पार करता येते. पंचवीस-पन्नास कलमांच्या धन्याला ते जड जाते. त्याच्यासाठी विद्यापीठ आहे, योजना आहेत, विमा आहे, सहकारी संस्थाही आहेत. पण यातील बहुतेक आधार त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा आंबा कुणाकडे तरी बांधला गेलेला असतो.

हे बांधले जाणे दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार उचलीचा. हंगामापूर्वी बाजारातील दलालाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि पुढे माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा, ही पद्धत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पेटी कितीला विकली हे बागायतदाराला पट्टी आल्यावर कळते आणि उचल वजा होऊन उरेल ते हाती पडते. दलालाने अडीनडीला पैसा दिला, हे कोणी नाकारत नाही. परंतु दुसरीकडे चांगला भाव मिळत असला तरी माल वळवण्याची मोकळीक त्यामुळे राहत नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. उचल घेतलेल्या बागायतदाराला या मोकळिकीचा उपयोग मर्यादितच होतो.

दुसरा प्रकार बाग कराराने देण्याचा. घरातील कर्ती माणसे मुंबईत आणि गावी वृद्ध आई-वडील, अशा असंख्य घरांतून कलमे एक किंवा अधिक वर्षांसाठी ठरावीक रकमेवर दिली जातात. घरबसल्या पैसे मिळतात, ही सोय खरीच. पण करारदाराचा हिशेब कराराच्या मुदतीपुरता असतो आणि झाडाचे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे असते. येथे कल्टारचा प्रश्न येतो.

हापूस स्वभावतः एक वर्षाआड भरघोस येणारा. या खोडीवर पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत कल्टार, हा उपाय कोकण कृषी विद्यापीठाने शिफारशीसह दिला. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर, पाण्यात मिसळून, १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात बुंध्याभोवती भोके घेऊन, आणि सोबत खताची पुरेशी मात्रा, असे त्याचे प्रमाण आहे. हे प्रमाण सांभाळले तर मोहोर लवकर आणि दरवर्षी येण्यास मदत होते. मुदतीतच जास्तीत जास्त आंबा काढायचा म्हणून मात्रा वाढवली आणि खत टाळले, तर कलम खंगते, पालवी आखडते आणि दुबळे झाड मालकाच्या पदरी येते. म्हणून बाग द्यायचीच झाली तर कल्टार किती, खत किती आणि फवारण्या कोणत्या, हे करारात लेखी असणे अगत्याचे. तोंडी व्यवहाराची सवय असलेल्या गावांत नेमके तेच राहून जाते.

तांत्रिक मदतीची उणीव म्हणाल तर ती नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. त्याच्याही आधी, १९५७ पासून, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र काम करीत आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून आलेली ‘सिंधू’ या जाती या केंद्राच्या. फळाच्या आत गर पांढरट, आंबट व स्पंजासारखा करणारा साका हे हापूसचे जुने दुखणे. फळ पूर्ण जून होईपर्यंत झाडावर न ठेवता साधारण ८५ टक्के पक्वतेला काढले तर साक्याचे प्रमाण कमी राहते, ही शिफारस लहान बागेतही बिनखर्चात पाळता येते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याच दुखण्यासाठी ‘अर्का साका निवारक’ हे फवारणीचे द्रावण काढले आहे. फळ देठासह उतरवणारा ‘नूतन’ झेला आणि फळमाशीचे नर पकडणारा ‘रक्षक’ सापळा ही दापोलीची साधनेही अशीच, थोडक्या पैशात होणारी. देठ राखला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाहीत आणि अढीत फळ कुजण्याचे प्रमाण घटते. एका पेटीमागे याचा फरक किती पडतो, हे ज्याने डागी आंबा परत घेतला आहे त्याला सांगावे लागत नाही.

जुन्या, उंच आणि दाटलेल्या बागांसाठी विद्यापीठाचे पुनरुज्जीवनाचे तंत्र आहे. छाटणीनंतर काही हंगाम उत्पन्न थांबते, म्हणून लहान बागायतदार कचरतो. सगळी बाग एकदम न छाटता दरवर्षी थोडी झाडे घेतली तर घर चालते आणि बागही सुधारते. लांजा तालुक्यातील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालय येथे अशा सल्ल्यासाठी जाता येते.

सातबाऱ्यावरची नावे

खरा अडसर कागदाचा आहे. रत्नागिरीतील जमीन लहान तुकड्यांत आणि सामायिक. एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे, त्यातील निम्मी मुंबईकर, काही हयात नसलेली, कोठे कुळाची नोंद. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली आणि कोकणातील कातळावर व वरकस जमिनीवर कलमे उभी राहिली. त्यानंतर २०१८ मध्ये, रोजगार हमीत न बसणाऱ्यांसाठी, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात कोकणासाठी किमान क्षेत्र १० गुंठे ठेवले गेले आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागले. १० गुंठ्यांची अट कोकणची जमीन पाहूनच घातलेली दिसते. मात्र सामायिक खातेदारांची आणि कुळ असल्यास कुळाची संमती लागते. बोरिवलीत राहणाऱ्या चुलत्याची आणि वसईतल्या आत्याची सही मिळेपर्यंत लागवडीचा मोसम निघून जातो. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाच संमतीपत्रे आणि वारस नोंदी उरकून घ्याव्यात, हा गावोगावचा अनुभवाचा सल्ला कोणत्याही शासकीय पत्रकात सापडणार नाही, पण तो सर्वांत उपयोगी आहे.

उचलीला पर्याय म्हणजे पीककर्ज. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत किंवा बँकेतून मिळणाऱ्या ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची वेळेत फेड केल्यास व्याजात शून्य टक्क्यापर्यंत सवलत देण्याचे धोरण राज्याने २०२१ मध्ये स्वीकारले. पण येथेही सातबारा आणि त्यावरील आंब्याची नोंद लागते. बाग करारावर असेल तर कर्ज कोणाच्या नावे, खर्च कोणाचा आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणाला, हा तिढा वेगळाच.

विम्याचे स्वरूपही समजून घेणे जरूर आहे. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. बागेत येऊन नुकसान मोजले जाईल, अशी अपेक्षा त्यात ठेवायची नसते. अवेळी पाऊस, तापमानातील चढउतार, वेगाचे वारे यांची नोंद महसूल मंडळातील हवामान केंद्रावर झाली तरच भरपाई ठरते. डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन असलेल्या या जिल्ह्यात केंद्र कोठे आहे याला म्हणूनच महत्त्व येते. विमा नोव्हेंबरच्या सुमारास उतरवायचा असतो, मोहोर गळाल्यावर नव्हे. वादळांची बाब निराळी. नोव्हेंबर २००९ चे फयान, जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या तिन्ही वादळांचा तडाखा या किनाऱ्याला बसला. निसर्गात दापोली-मंडणगड भागातील जुनी कलमे मुळासकट आडवी झाली. एका हंगामाची भरपाई मिळाली तरी पन्नास वर्षांचे कलम त्यातून परत उभे राहत नाही.

विक्रीच्या बाजूने अलीकडचा महत्त्वाचा आधार भौगोलिक मानांकनाचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळाले. त्यासाठी विद्यापीठाबरोबर रत्नागिरीतील कोकण हापूस आंबा उत्पादक व उत्पादक-विक्रेते सहकारी संस्था, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आणि केळशी परिसर आंबा उत्पादक सहकारी संघ पुढे आले होते. कर्नाटकातला आंबा कोकणच्या नावाने खपवला जातो, ही तक्रार जुनी आहे. मानांकन वापरायचे तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते आणि ती संस्थेमार्फत करणे सोपे जाते. एकट्याने नोंदणी, छापील खोकी, परगावी पाठवणी आणि ग्राहकाचे दूरध्वनी सांभाळणे पन्नास पेट्यांसाठी परवडत नाही. आठ-दहा शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी भरली, प्रतवारी एका ठिकाणी केली, तर कृषी पणन मंडळाच्या पुण्यातील आंबा महोत्सवातील गाळाही आवाक्यात येतो. निर्यातीसाठी ‘मँगोनेट’वर बागेची नोंदणी कृषी खात्यामार्फत होते, तेथेही फवारणीची नोंदवही काटेकोर लागते.

मे महिना सरत आला की उरलेला आंबा कॅनिंगला जातो. तेथे डझन नाही, किलोचा भाव. रत्नागिरीचे नाव, मानांकन किंवा फळाचा आकार यांना त्या काट्यावर किंमत नसते. पावसाची सर कोसळण्याआधी क्रेट रिकामे करायचे असतात. म्हणून काट्यावर जो दर सांगितला जाईल तो घेऊन बागायतदार परततो, आणि बागेतली सुकी काटकी तोडायला लागतो, कारण कल्टारला अवघा दीड महिना उरलेला असतो.