तीन पायांचा आधार

जुना फोटो पाहताना आपण तो कुणाचा आहे हे विचारतो, कुणी काढला हेही कधी विचारतो. पण कॅमेरा कशावर ठेवला होता हे कुणी विचारत नाही. वास्तविक छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेऱ्याखालच्या तिपाईचा वाटा मोठा आहे. तिला कुणी ट्रायपॉड म्हणतात, कुणी नुसतं स्टँड म्हणतात. आज तिचीच हकीकत सांगायची आहे.

पाय तीनच का, हे खेड्यातल्या माणसाला शिकवायला नको. चुलीला आपण तीन दगड मांडतो. चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, कारण एखादा पाय अधांतरी राहतो. तीन पाय मात्र कुठेही टेकतातच.

आता थोडे मागे जाऊ. 1838 साली पॅरिसमध्ये दागेर या गृहस्थाने खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश टिपायला तेव्हा काही मिनिटे लागत. त्यामुळे येणारी-जाणारी माणसे व गाड्या चित्रात उमटल्याच नाहीत. बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एक माणूस उभा होता, तेवढा मात्र उमटला. जे स्थिर राहिले ते टिकले, जे हलले ते पुसले गेले! ही गोष्ट समोरच्या माणसाला लागू, तशीच कॅमेऱ्यालाही लागू. त्या काही मिनिटांत कॅमेराच हलता, तर सारा रस्ताच पुसट झाला असता.

आता आपल्या मुलखात येऊ. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठ्या तैलचित्रांत त्या नकला उतरवल्या व त्या लंडनला गेल्या. 1866 साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून खाक झाल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके 1864 मध्ये लंडनला निघाली होती. लेण्यांतला अंधार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या काळच्या मंद काचांवर तिथे चित्र घेणे किती सबुरीचे काम असेल, हे सहज कळेल. तिथे हाताचा भरवसा चालत नाही, भक्कम आधारच लागतो.

पुढे हलती चित्रे आली आणि नुसते पाय पुरेनात. कॅमेरा एका जागी स्थिर हवा, पण वळायलाही हवा. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मिरवणूक टिपण्यासाठी रॉबर्ट पॉल यांनी तिपाईवर फिरणारे डोके बसवले. हँडल फिरवले की दातेरी चाकामुळे कॅमेरा संथपणे वळे. आणि आपले दादासाहेब फाळके? 1912 साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रपटात पकडली. ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म उघडायची, असे दिवसामागून दिवस. कॅमेरा मधेच जरासा सरकता, तर पडद्यावर रोप उगवण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. याच छोट्या चित्रपटाने भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

तुम्ही म्हणाल, आता मोबाईलने क्षणात फोटो निघतो, मग तिपाई कशाला? गुरुजी, तुमच्या गावच्या देवळाजवळ एखादा वीरगळ असेल, एखादा शिलालेख असेल. त्यावर तेल पडतं, चुना बसतो, कधी सिमेंट चढतं. अक्षरे आज आहेत, उद्या असतीलच असे नाही. झिजलेली अक्षरे नीट दिसतात ती सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, आणि तो उजेड मंद असतो. मंद उजेडात कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात हलला, की अक्षर गेलं. हललेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

तेव्हा तिपाई घेताना रंगरूप पाहू नका. दुकानातच ती पूर्ण उघडा, वरून दोन्ही तळव्यांनी दाबा, डोके धरून पिळून पाहा. वाकली किंवा कुरकुरली तर परत ठेवा. पायांचे तुकडे जितके जास्त, तितका शेवटचा बारीक. म्हणून पाच तुकड्यांच्या पायापेक्षा तीन तुकड्यांचा बरा. मधला दांडा उंच केला की तीन पायांचे बळ एका काठीवर येते, म्हणून तो शक्यतो खालीच ठेवावा. कॅमेरा आणि भिंग मिळून 2 किलो भरत असतील, तर निदान 4 किलो पेलणारी तिपाई व तेवढेच पेलणारे डोके घ्यावे. गोळ्याचे डोके झटपट फिरते. पण शिलालेखासाठी तीन दिशांना वेगवेगळे कसता येणारे डोके सोयीचे, कारण एक बाजू सरळ करताना दुसरी बिघडत नाही. डोके कसल्यावर कॅमेरा हळूच खाली झुकतो का, तेही बघा.

उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या अंगाला ठेवा. वारा असेल तर मधल्या आकड्याला धोंड्यांची पिशवी अडकवा, पण ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झोके घेईल. बटण बोटाने दाबण्यापेक्षा दोन सेकंदांचा टायमर लावा. संरक्षित स्मारकात तिपाई मांडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या.

गिल यांच्या रंगवलेल्या नकला आगीत गेल्या. तुमच्या गावचा दगड ऊन-पावसात झिजतो आहे. सुट्टीच्या दिवशी चार मुलांना बरोबर घ्या, तिपाई पक्की रोवा आणि एकेका दगडाचा स्वच्छ फोटो घेऊन, तारीख घालून, शाळेच्या दप्तरात ठेवा. पुढे कुणी अभ्यासक आला, तर त्याला ती अक्षरे तुमच्या फोटोवरून तरी वाचता येतील.