परदेशातली बोट किनाऱ्याला लागली, तर वर्दी कुणी आणि कुठे द्यायची?

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. लांबी १६ मीटर, नाव ‘लेडी हान’, आत माणूस एकही नाही. गावातल्या लोकांना ती दिसली, पोलिसांना कळवलं गेलं. बोटीत ३ एके-४७ रायफली, काडतुसं आणि काही कागद मिळाले. भरडखोलला तिचीच जीवरक्षक होडी वाहून आली. दुपारपर्यंत जिल्ह्यात नाकाबंदी लागली आणि मुंबईपर्यंत सगळ्या यंत्रणा जाग्या झाल्या.

त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला भर समुद्रात इंजिन बंद पडलं, मदतीची हाक गेली, कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांना वाचवून ओमानच्या ताब्यात दिलं. समुद्र खवळलेला असल्याने बोट ओढून नेता आली नाही. ती ५३ दिवसांनी, सगळा पावसाळा अंगावर घेत, आपल्या किनाऱ्याला आली.

आता परदेशातून येणारी कुठलीही बोट, मग ती मालवाहू जहाज असो की दोन माणसांची शिडाची यॉट, तिच्या येण्याची वर्दी देण्याची जबाबदारी कप्तानावर असते. या बोटीवर कप्तानच नव्हता. मग वर्दी दिली कोणी? गावाने.

कायदा काय सांगतो ते बघू. सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम २९ म्हणतं की परदेशातून येणाऱ्या बोटीने आधी कस्टमचं म्हणून जाहीर झालेल्या बंदरातच लागायचं. वाटेत आवडली म्हणून कुठल्याही पुळणीवर नांगर टाकायचा नाही. पण समुद्रात ठरवलेलं सगळं होतंच असं नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. अपघात झाला, वादळ लागलं किंवा दुसरं काही टाळता न येणारं कारण आलं आणि बोट भलतीकडेच लागली, तर कप्तानाने लगेच जवळच्या कस्टम अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळवायचं. मागितली तर लॉगबुक दाखवायची. परवानगीशिवाय माल उतरवायचा नाही, आणि माणसांनीही बोटीच्या आसपासच थांबायचं. कोणी आजारी असेल, जीव धोक्यात असेल तर मात्र ही अडवणूक नाही, माणसं उतरवता येतात.

यातलं ‘किंवा पोलीस ठाणं’ हे आपल्या भागासाठी महत्त्वाचं आहे. कस्टमचं कार्यालय कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या दहा माणसांना विचारलं तर दोघं सांगतील. पोलीस ठाणं सगळ्यांना माहीत असतं.

याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वाहून आलेली बेवारस बोट, फुटलेल्या जहाजाचं सामान, समुद्रात टाकलेला माल, हे सगळं आयात मालासारखंच धरलं जातं. पिंप, फळी, दोरखंड मिळालं की ‘दर्याने दिलं’ म्हणून घरी न्यायची आपल्याकडे सवय आहे. लाकडाच्या ओंडक्यावर कोणी खटला भरत नसेलही, पण परदेशी बोटीतला वायरलेस संच किंवा इंजिनाचा भाग कोणी काढून नेला तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं. लेडी हानमध्ये तर रायफली होत्या.

दुसरीकडे हे कसं चालतं? अमेरिकेत फ्लोरिडातून बहामासला मासेमारीला, फिरायला जाऊन दोन दिवसांत परतणाऱ्या खासगी बोटी पुष्कळ. मायामीहून बिमिनी बेट जेमतेम ८० किलोमीटर. परतल्यावर कप्तानाने ताबडतोब तिथल्या कस्टम आणि सीमा सुरक्षा खात्याला कळवायचं असतं. ‘सीबीपी रोम’ नावाचं मोबाईल ॲप आहे. त्यात बोटीची आणि माणसांची माहिती, पासपोर्ट भरला की अधिकारी लागलं तर व्हिडिओवर बोलतो आणि प्रवेश देतो, किंवा प्रत्यक्ष हजर व्हायला सांगतो. तोवर बोटीतून कोणी उतरायचं नाही. वर्दी देण्यापुरतं कप्तानाला एकट्याला उतरता येतं. चुकवलं तर पहिल्या वेळी ५ हजार डॉलर आणि पुढे प्रत्येक वेळी १० हजार डॉलर दंड. बोट जप्तही होऊ शकते.

ब्रिटनमध्ये निघण्याच्या आधीच ऑनलाइन कळवावं लागतं, आणि १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या हद्दीत शिरताना पिवळा झेंडा लावायचा. हा पिवळा झेंडा जगभर चालतो. पूर्वी रोगराईच्या काळात त्याला फार अर्थ होता. आज त्याचा अर्थ ‘बोटीवर सगळं निरोगी आहे, आत यायला परवानगी द्या’ असा. आपल्या तांडेलांपैकी कोणाला समुद्रात असा झेंडा लावलेली शिडाची नौका दिसली, तर ती लपूनछपून येणारी नसून सांगून येणारी आहे, एवढं त्यावरून समजायला हरकत नाही. अर्थात झेंडा कोणीही लावू शकतो, त्यामुळे कळवायचं ते कळवायचंच.

भारतात परदेशी यॉट येतात त्या बहुतेक कोचीला, काही मुंबई-गोव्याला. इथे ॲपवर काम भागत नाही. कस्टम, इमिग्रेशन, बंदर खातं, असे वेगवेगळे कागद होतात आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाताना परत वर्दी. ई-व्हिसावर येणाऱ्याला ठरलेल्या बंदरांतूनच आत येता येतं. मुंबई, मुरगाव, मंगळुरू, कोची, चेन्नई ही त्यातली. हरिहरेश्वर, मुरूड, अलिबाग त्यात नाहीत. म्हणजे एखादा परदेशी पाहुणा आपली यॉट थेट काशिदला लावून नारळपाणी प्यायला उतरला, तर त्याचा हेतू कितीही साधा असला तरी कायदा मोडलाच. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात वैध कागदाशिवाय आत येणाऱ्या परदेशी माणसाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आपल्याच देशाच्या माणसालाही यात सूट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कन्याकुमारी भागातले तिघं मच्छीमार कुवेतहून मालकाचीच बोट घेऊन पळाले. पगार मिळत नव्हता, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतले होते, असं त्यांचं म्हणणं. ते मुंबईच्या समुद्रात गेट वेच्या जवळ पोहोचले तेव्हा पोलिसांच्या गस्ती बोटीने त्यांना हटकलं. हत्यार नव्हतं, घातपाताचा विचार नव्हता, तरी विनाकागद देशात शिरल्याचा गुन्हा दाखल झालाच. त्यांच्यावर दया येते हे खरं. पण कुवेतहून निघालेली बोट गेट वेपर्यंत येईस्तोवर कोणाच्या नजरेत आली नाही, हेही तितकंच खरं.

श्रीवर्धनकरांना हा विषय नवा नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत याच तालुक्यातल्या शेखाडीत स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. त्या खटल्यात कस्टम आणि पोलिसांतलेही काही जण दोषी ठरले. ज्यांच्याकडे वर्दी द्यायची तेच फितूर झाले, तर कलम २९ काय करणार? २६ नोव्हेंबर २००८ ला ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट वापरून अतिरेकी आले आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळी लोकांनी त्यांना ‘कोण, कुठले’ म्हणून विचारलंही होतं. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, गावोगाव सागर रक्षक दलं झाली. राज्याचा किनारा ७२० किलोमीटरचा, खाड्या वेगळ्या. पावसाळ्यात बंदी असताना बोटी शाकारलेल्या असतात आणि नेमका त्याच दिवसांत समुद्रातलं वाहतं सामान किनाऱ्याला येतं. तेव्हा पाहणारा डोळा गावाचाच उरतो.

अनोळखी बोट दिसली तर १०९३ वर सागरी पोलिसांना, १५५४ वर तटरक्षक दलाला किंवा सरळ ११२ वर कळवायचं. बोटीवर चढायचं नाही, दोर बांधून ओढायची नाही, पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही. लांबून फोटो काढावा. नाव आणि नंबर असेल तर तो वाचता येईल असा. सहसा नाव मागच्या बाजूला असतं. वेळ आणि भरती की ओहोटी हेही सांगावं, कारण ओहोटी लागली की बोट बसते आणि पुढच्या भरतीला सरकते. बोटीत माणसं असतील आणि अडचणीत असतील तर आधी जीव वाचवायचा, पण त्यांना गावात कुठेतरी पाठवून न देता पोलीस येईपर्यंत जवळ बसवून ठेवायचं. पाणी, चहा द्यायला कायद्याची काही आडकाठी नाही.