'कामिनी' आणि हात्सुने मिकू : स्वराच्या नामकरणाचा प्रश्न

देहावाचून गाणारी गायिका ही जपानची अलीकडील निर्मिती होय, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. यंत्रापुरते हे मत ग्राह्य आहे, नावापुरते नाही. १९४९ साली प्रदर्शित झालेल्या 'महल' या मुंबईच्या चित्रपटातील सर्वांत गाजलेले गीत लता मंगेशकर यांनी गायिले, खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केले. परंतु ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते 'कामिनी'. ही कामिनी म्हणजे मधुबालेने पडद्यावर उभे केलेले पात्र. त्यातही गंमत अशी की, कथेत कामिनीचे भूत म्हणून वावरणारी तरुणी प्रत्यक्षात माळ्याची मुलगी असते. तबकडीवरील नाव अशा रीतीने कल्पिताच्याही कल्पिताचे होते! आकाशवाणीकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली आणि त्यानंतर खरे नाव लोकांना कळले, असे सांगितले जाते. पार्श्वगायनासाठी 'फिल्मफेअर'चा स्वतंत्र पुरस्कार सुरू होण्यास पुढे १९५९ साल उजाडावे लागले.

हात्सुने मिकूची घडण याहून निराळी. यामाहा कंपनी आणि बार्सिलोना येथील पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 'व्होकॅलॉइड' ही प्रणाली सिद्ध झाली. तिच्या आधारे साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी हा स्वर विक्रीस आणला. साकी फुजिता या अभिनेत्रीने उच्चारलेले ध्वनी मुद्रित करून त्यांचे लहान लहान तुकडे साठविलेले असतात. वापरणारा शब्द व सूर पुरवितो, आणि यंत्र तुकडे सांधून गाते. येथे कळीचे असतात ते एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जातानाचे संक्रमणखंड. एका स्वरपट्टीसाठी जपानीला असे सुमारे ५०० खंड पुरतात, इंग्रजीला सुमारे २५०० लागतात. पाच स्वर आणि बहुधा स्वरान्त अक्षरे, ही जपानीची रचना यंत्राच्या पथ्यावर पडली.

मराठीचे तसे नाही. 'पांढरकवडा' हे गावाचे नावच घ्यावे. लेखनात 'र' आणि 'व' अकारयुक्त दिसतात, उच्चारात दोन्ही अकार लोपतात. शिवाय मूर्धन्य महाप्राण 'ढ' आहेच. व्यंजनामागे स्वर जोडण्याची सवय असलेला जपानी ध्वनिसंग्रह हे नाव नीट उच्चारू शकणार नाही. 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन निराळे 'च' तर लिपीही वेगळे दाखवीत नाही.

तथापि भाषेच्या अडचणीपेक्षा कर्तृत्वाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मुंबईत जिवंत गायिका पात्राच्या नावाआड लोपली. साप्पोरोत पात्राच्या नावावर गाणी निघतात, पण स्वर कोणाचा हे प्रथमपासून जाहीर आहे, आणि तो तिने संमतीने दिलेला आहे. कृत्रिम बुद्धीने संमतीचीही गरज उरू दिली नाही. मूळ ध्वनिमुद्रणांवरून आवाजाची नक्कल तयार होऊ लागली, तेव्हा जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन गायकाचा आवाज हे त्याच्या व्यक्तित्वाचे संरक्षणीय अंग मानले. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून असे संरक्षण मिळाले.