क्रूझ आणि 'रामदास'

निवृत्तीनंतर क्रूझला जायचं ह्यांनी फारच मनावर घेतलंय. माझं माहेर रेवसकडचं, त्यामुळे बोट म्हटलं की आधी 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. वायरलेस नव्हता, मुंबईला खबरही उशिरा लागली.

ह्यांचं उत्तर तयार: टायटॅनिकनंतर, १९१४च्या करारात सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या हव्यात असं ठरलं. खरंय. पण सराव? २०१२ साली इटलीत 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्यांचा सराव झालाच नव्हता. ३२ जण गेले. बंदर सोडण्याआधी किंवा सोडताच सराव, हा नियम २०१५पासून आला.

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, खरंच घेतात का हो?